आधी भांडे घासा, मग कल्हई

घरात गाडी आली की पहिल्या आठवड्यातच कुणीतरी विचारते, "कोटिंग केलंत का?" शोरूमचा माणूस विचारतो, शेजारी विचारतात, आखातातला मामू तर फोनवरच बजावतो, "सिरॅमिक कोटिंग केल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका." मग चौकशी सुरू होते. कुणी १५ हजार सांगतो, कुणी ३० हजार. कुणी पाच वर्षांची हमी देतो, कुणी "नाइन एच आहे, ओरखडा पडणारच नाही" असे छातीठोकपणे सांगतो. घर चालवणारी बाई मात्र मनात वेगळाच हिशेब करत असते, की एवढ्या पैशांत मुलीची वर्षाची शिकवणी निघते.

तिचा हिशेब चुकीचा नाही. कोटिंग करावे की नाही, हे ज्याच्या त्याच्या ऐपतीचे आहे. पण एक गोष्ट प्रत्येकाने समजून घ्यायला हवी. बाटलीतला तो द्रव लावणे हे या कामातले सर्वांत सोपे काम आहे. खरे काम त्याच्या आधीचे आहे आणि बहुतेक फसवणूकही तिथेच होते. म्हणून या महिन्यात आपण कोटिंगच्या आधीच्या तयारीबद्दल बोलू. मी भाषा शिकवणारी शिक्षिका. पण माझे धाकटे दीर अनेक वर्षे डेंटिंग-पेंटिंगचे काम करतात, आणि इथे लिहिलेले बरेचसे त्यांच्याकडून पाहून-विचारून शिकले आहे.

ज्यांचे बालपण तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या घरात गेले, त्यांना कल्हईवाला आठवत असेल. तो पातेले आधी खसाखसा घासायचा, भट्टीवर तापवायचा, नवसागर टाकायचा आणि मगच कथील फिरवायचा. कथील पसरायला क्षणभर लागे, वेळ जाई तो घासण्यात. भांड्याला मळ राहिला तर तेवढ्या जागी कथील धरतच नसे. कोटिंगचेही असेच आहे. सिरॅमिक कोटिंग म्हणजे मुख्यतः सिलिकाच्या संयुगांचा द्रव. तो वाळला की रंगावर काचेसारखा पारदर्शक, जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा थर तयार होतो. पारदर्शक असल्यामुळे तो खालचे काहीच झाकत नाही. खाली ओरखडे असतील तर ते आत बंद होतात आणि वरून चकाकीमुळे आणखी उठून दिसतात. खाली मेण किंवा तेल राहिले असेल तर थर नीट धरत नाही आणि काही महिन्यांत सुटतो.

रंग किती जाड असतो?

गाडीच्या पत्र्यावर एकावर एक थर असतात. सर्वांत खाली गंजापासून वाचवणारा प्रायमर, त्यावर दुसरा प्रायमर, मग आपल्याला दिसतो तो रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट, ज्याला आपले पेंटर लॅकर म्हणतात. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते, काही गाड्यांवर याहूनही कमी. त्यात क्लिअर कोटचा वाटा साधारण ३५ ते ५० मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे गाडीची सगळी चमक आणि उन्हापासूनचे संरक्षण केसाहून पातळ अशा एका पदरावर उभे आहे.

पॉलिश करणे म्हणजे या पदराला घासून थोडा कमी करणे. ओरखडा भरून येत नाही. त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो, म्हणून तो दिसेनासा होतो. हलक्या पॉलिशने एखाद-दोन मायक्रॉन जातात, जाड कंपाउंडने त्याच्या दुप्पट-तिप्पट. उन्हातले अतिनील किरण अडवणारी द्रव्ये याच पदरात असतात. तो फार पातळ झाला की काही वर्षांत टपावर आणि बोनेटवर पांढुरके चट्टे येतात, साल निघाल्यासारखी दिसू लागते. मग उपाय एकच, पुन्हा रंग काढणे.

आमचे दीर हे फार सोप्या शब्दांत सांगतात. "भाभी, क्लिअर कोट म्हणजे महिन्याचा पगार नाही, पुन्हा पुन्हा यायला. ती एकदाच मिळालेली ठेव आहे. जपून खर्च करायची."

पुढच्या सगळ्या पायऱ्या या एकाच गोष्टीसाठी आहेत. जे धुऊन निघेल ते धुऊन काढायचे, जे विरघळेल ते विरघळवायचे आणि जे उरेल तेवढ्यासाठीच घासायचे.

धुणे आणि मळ सोडवणे

उन्हात तिरक्या नजरेने पाहिले तर बहुतेक गाड्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसतात. ते कुठून येतात? आपल्याच फडक्यातून. सकाळी धूळ बसलेल्या गाडीवर कोरडे कापड मारणे म्हणजे रंगावर बारीक वाळू फिरवणे. सोसायटीत एकाच बादलीतल्या पाण्याने आणि एकाच फडक्याने दहा गाड्या पुसल्या जातात, तेव्हा पहिल्या गाडीची माती दहाव्या गाडीवर घासली जाते. कोकणात जांभ्याची लाल धूळ, घाटावर शेतातली माती, खडे सगळीकडेच.

म्हणून गाडी सावलीत लावावी आणि पत्रा थंड होऊ द्यावा. आधी भरपूर पाण्याने सुटी माती वाहून जाऊ द्यावी. मग दोन बादल्या घ्याव्यात, एक गाडीच्या शाम्पूची आणि दुसरी नुसत्या पाण्याची. मऊ मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवून वरून खाली धुवावे आणि प्रत्येक भागानंतर तो साध्या पाण्यात खळबळून घ्यावा. चाके शेवटी, वेगळ्या कापडाने. पुसतानाही कापड दाबून फिरवू नये, पाणी टिपून घ्यावे.

धुतल्यावरही काही गोष्टी चिकटून राहतात. त्या चार प्रकारच्या.

पहिला प्रकार लोखंडाच्या कणांचा. ब्रेक घासले की बारीक कण उडतात आणि रंगात रुततात. नव्या गाड्यांवरही ते असतात, कारण त्या आगगाडीने किंवा ट्रेलरवरून शेकडो किलोमीटर येतात. यासाठी आयर्न रिमूव्हर मिळतो. तो फवारला की कणांच्या जागी जांभळे ओघळ दिसतात. त्याला कुजलेल्या अंड्यासारखा वास असतो, तेव्हा हातमोजे घालावेत, मुलांना दूर ठेवावे आणि तो वाळण्याआधी पाण्याने धुऊन टाकावा.

दुसरा डांबराचा. दाराच्या खालच्या भागावर आणि चाकांमागे काळे ठिपके दिसतात. आपल्याकडे यासाठी रॉकेल लावायची सवय आहे. डांबर त्याने निघते, पण मागे तेलकट थर राहतो, आणि कोटिंगच्या आधी नेमके तेच नको असते. टार रिमूव्हर वापरावा. काहीही लावले तरी नंतर शाम्पूने धुवावे.

तिसरा पाण्याच्या डागांचा. बोअरिंगच्या पाण्यातले क्षार गाडीवर वाळले की पांढरी वर्तुळे उमटतात. ताजे डाग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढेच पाणी मिसळून, मऊ कापडाने लावून काढता येतात. एक-दोन मिनिटांत धुऊन टाकावे. जुने डाग रंगात खड्डा पाडून बसलेले असतात, ते पॉलिशशिवाय जात नाहीत.

चौथा झाडांचा आणि पक्ष्यांचा. आंब्या-फणसाखाली गाडी लावणाऱ्यांना चीक माहीत आहे. पक्ष्यांच्या विष्ठेत आम्ल असते, ते उन्हात क्लिअर कोट खाऊ लागते. हे डाग दिसताच ओल्या कापडाने भिजवून उचलावेत, नखाने खरवडू नयेत.

आता एक साधी परीक्षा करावी. हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून धुतलेल्या बोनेटवरून हलकेच फिरवावा. नुसत्या बोटांना न कळणारा खरखरीतपणा पिशवीतून चटकन जाणवतो. काचेसारखे गुळगुळीत लागले तर उत्तम. रवाळ लागले तर क्ले बार वापरावा. ही मऊ, चिकणमातीसारखी वडी असते. पृष्ठभागावर तिचे वंगण किंवा पातळ शाम्पूचे पाणी भरपूर फवारायचे आणि वडी दाब न देता सरळ रेषेत फिरवायची. ती रुतलेले कण उचलून घेते. मळलेली बाजू आत दुमडून स्वच्छ बाजू वर आणत राहायचे. वडी जमिनीवर पडली तर ती टाकून द्यावी, कितीही महाग असली तरी. तिला चिकटलेला एक खडा पूर्ण दारावर ओरखडे काढतो.

इथपर्यंतचे सगळे काम घरच्या अंगणात होते. मुले सोबत असली तर सुट्टीचा दिवसही चांगला जातो.

पॉलिश : किती आणि कुठे

गाडी पुसून कोरडी केल्यावर उन्हात किंवा मोबाइलच्या टॉर्चने प्रत्येक भाग पाहावा. ज्या ओरखड्यात नख अडकते, तो सहसा पॉलिशने सुरक्षितपणे जाण्याइतका उथळ नसतो. तो तसाच राहू द्यावा किंवा टचअपचा थेंब लावावा. त्याच्या मागे लागून क्लिअर कोट संपवू नये.

चांगल्या कारागिराकडे रंगाची जाडी मोजण्याचे छोटे यंत्र असते. ते पत्र्याला टेकवले की मायक्रॉनचा आकडा दिसतो. साध्या यंत्राने प्लास्टिकच्या बंपरवर मात्र माप मिळत नाही. या यंत्राचा उपयोग जुनी गाडी घेतानाही होतो. सगळ्या गाडीवर १२० च्या आसपास आकडा येतो आहे आणि एकाच दारावर ३०० आला, तर तिथे नंतर रंग झाला आहे. आकडा हजाराकडे गेला तर रंगाखाली पुट्टी भरली आहे, म्हणजे ते दार कधीतरी चेपले होते. विकणारा गप्प बसला तरी यंत्र बोलते.

पॉलिशचा नियम असा, की सर्वांत सौम्य उपाय आधी. बोनेटवर साधारण दोन फूट लांब-रुंद जागा घ्यावी. तिथे मऊ फोमचा पॅड आणि बारीक पॉलिश वापरून पाहावे. जाळी गेली तर सगळ्या गाडीला तेवढेच पुरे. नाही गेली तरच एक पायरी कडक पॅड किंवा जाडसर कंपाउंड. वर्गात मी मुलांना पेन्सिलने आधी हलके लिहायला सांगते, गरज पडली तर गडद करता येते, तसेच हे.

मशीन दोन जातींचे असते. एक नुसते गोल फिरणारे, रोटरी. ते झपाट्याने कापते, पण एका जागी थांबले की रंग तापून जळतो, आणि कच्च्या हातात ते स्वतःच नवे गोल ओघळ उमटवते. दुसरे फिरता फिरता डोलणारे, ड्युअल अ‍ॅक्शन. ते सावकाश काम करते आणि नवशिक्यालाही पेलते. दोन्हींत धोक्याच्या जागा त्याच असतात. दाराच्या कडा, बोनेटवरच्या उठावाच्या रेषा आणि आरशाचे कोपरे. तिथे रंग मुळातच पातळ बसलेला असतो. त्या कडांवर आणि रबर व काळ्या प्लास्टिकवर आधी मास्किंग टेप लावतात. दोन-तीन भागांनंतर पॅड ब्रशने साफ करतात किंवा बदलतात, कारण निघालेला रंग आणि वाळलेले पॉलिश पॅडमध्ये साठून पुन्हा ओरखडे काढू लागते.

हे काम करणारी बरीचशी मुले आपल्याच मोहल्ल्यातली असतात. पॉलिशची उडणारी भुकटी आणि द्रव्यांची वाफ दिवसभर छातीत जाते, आणि तोंडाला फार तर रुमाल असतो. आपला मुलगा असे काम शिकत असेल तर त्याला चांगला मास्क आणि चष्मा घेऊन द्या, हवेशीर जागेत काम करायला सांगा. आपण ग्राहक असलो तर एक वाक्य आपणही बोलू शकतो, "बेटा, मास्क लाव, मी थांबते."

तेल पुसल्यावरच खरे दिसते

पॉलिशमध्ये तेले असतात, आणि काहींमध्ये ओरखडे तात्पुरते भरून काढणारी द्रव्येही असतात. त्यामुळे पॉलिश झाल्या झाल्या गाडी आरशासारखी दिसते. चार-सहा धुण्यांत ती द्रव्ये निघून जातात आणि जाळी परत दिसू लागते. म्हणून शेवटची पायरी टाळता येत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात पातळ करून, किंवा याच कामाचे तयार पॅनल वाइप घेऊन, स्वच्छ मायक्रोफायबरने प्रत्येक भाग पुसायचा. हात निर्जंतुक करण्याच्या द्रवांतही हे अल्कोहोल वापरतात. ते चटकन पेट घेते, तेव्हा जवळ विस्तव किंवा सिगारेट नको. पुसल्यानंतर जे दिसते तो आपला खरा रंग. ओरखडे परत दिसले तर पॉलिश अपुरे झाले होते. नाही दिसले तर कोटिंगला हरकत नाही.

गेल्या वर्षी आमच्या नात्यातल्या एका मुलाने जुनी काळी गाडी घेतली. एका दुकानाने सकाळी गाडी घेतली आणि दुपारी कोटिंग करून परत दिली. संध्याकाळी दिव्यांखाली सगळ्यांनी वाहवा केली. दुसऱ्या दिवशी उन्हात बोनेटवर तीच जाळी, आता कोटिंगच्या आत. आमच्या दिरांनी गाडी पाहून मान हलवली. कारण वाळून घट्ट झालेले कोटिंग धुऊन निघत नाही, ते पॉलिशनेच घासून काढावे लागते. म्हणजे पैसे दुसऱ्यांदा आणि क्लिअर कोटही पुन्हा खर्च. नीट पॉलिश करायचे तर एका माणसाला पूर्ण दिवस, कधी दोन दिवस लागतात. तीन-चार तासांत "पॉलिश आणि कोटिंग" झाले असेल, तर कुठली तरी पायरी गाळलेली आहे.

आणखी एक सावधगिरी. अपघातानंतर एखादा भाग नव्याने रंगवला असेल तर त्यावर लगेच कोटिंग करू नये. नव्या रंगातले द्रावक हळूहळू बाहेर पडत असतात. निदान महिनाभर, किंवा पेंटर सांगेल तेवढे दिवस थांबावे.

पैसे देण्याआधी विचारा

दुकानात गेल्यावर पाच प्रश्न विचारावेत.

१. कोटिंगच्या आधी कोणकोणत्या पायऱ्या करणार, आणि त्या बिलावर लिहून देणार का?

२. रंगाची जाडी मोजणार का, आणि आकडे मला दाखवणार का?

३. आधी एका छोट्या जागेवर पॉलिश करून दाखवणार का?

४. पॉलिशनंतर पॅनल वाइपने पुसून, कोटिंग लावण्याआधी गाडी मला उजेडात पाहू देणार का?

५. गाडी किती वेळ ठेवून घेणार?

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. जो कारागीर आनंदाने "या, बघा" म्हणतो, त्याच्याकडे काम द्यावे.

"नाइन एच"बद्दलही एक शब्द. मुलांच्या दप्तरात एचबी आणि टूबी पेन्सिली असतात, त्याच मोजमापाचा हा आकडा. वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली थरावर दाबून ओढतात आणि कोणत्या पेन्सिलीने चरा पडतो ते पाहतात. नाइन एच ही त्यातली सर्वांत कडक पेन्सिल. रस्त्यावरच्या वाळूत गारगोटीचे कण असतात, ते पेन्सिलीपेक्षा कितीतरी कडक. त्यामुळे कोटिंग केलेल्या गाडीवरही कोरडे फडके मारले तर ओरखडे पडतातच. कोटिंगचा खरा फायदा एवढा, की पाणी आणि मळ लवकर घसरून जातो, धुणे सोपे होते आणि विष्ठा, चीक यांना पुसायला थोडा अवधी मिळतो. लावल्यानंतर पहिले २४ तास गाडीला पाणी लागू देऊ नये आणि साधारण आठवडाभर शाम्पूने धुऊ नये. त्यामुळे कोकणात तरी हे काम पावसाळा संपल्यावर काढावे.

आणि १५ हजार रुपये हाताशी नसतील तर? तर कोटिंग राहू द्या, तयारी करा. शाम्पू, क्ले आणि दोन-चार चांगली मायक्रोफायबर कापडे यांचा खर्च त्या रकमेच्या छोट्या हिश्श्यात बसतो. त्यावर चांगले मेण हाताने लावले तर दोन-तीन महिने छान टिकते, मग पुन्हा लावायचे. गाडीवर जे डोळ्यांना सुंदर दिसते ते बहुतांशी खालच्या स्वच्छ, गुळगुळीत रंगाचे असते. आणि उद्या सकाळपासून कोरडे फडके बंद केले, तर त्याला एक रुपयाही लागत नाही.